सागरतालातला मधला नंबर

लक्ष्मीकांतराव पोतनीसांनी ते परिपत्रक तीनदा वाचलं आणि टेबलावर पालथं घालून ठेवलं. सरकारी कागद उताणा ठेवला की चार लोक तो वाचतात आणि आपणही वाचला हे चार लोकांना कळतं, असं त्यांचं मत होतं. कागदात तसं भयंकर काही नव्हतं. येत्या एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपून मध्यप्रदेशात विलीन होणार होतं, राजधानी भोपाळला जाणार होती, आणि त्या शुभप्रसंगाच्या आधी खात्यातल्या कर्मचाऱ्यांची एक 'जल-थल दौड' सागरताल या तळ्यावर होणार होती. आधी ताल पोहून पलीकडे जायचं, मग पाळीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, देवळापर्यंत पळायचं, तिथून पुन्हा पाण्यात उतरून घाटावर परत यायचं. भाग घेणं ऐच्छिक. 'ऐच्छिक' या शब्दाखाली साहेबांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती.

त्या रेघेनेच घात केला. खरोखर ऐच्छिक असतं तर रेघ कशाला मारली असती? सबंध नोकरीत लक्ष्मीकांतरावांनी अशी लाल रेघ फक्त 'तात्काळ' आणि 'खुलासा करावा' या शब्दांखालीच पाहिली होती.

त्यांच्या संशयाला आधारच नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. आठ वर्षांपूर्वी ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा 'तुमच्यासाठी काही बदलणार नाही' असं सांगितलं होतं, आणि त्यानंतर दफ्तर निम्मं वर्ष ग्वाल्हेरला आणि निम्मं वर्ष इंदूरला नांदू लागलं. गठ्ठे आगगाडीने जात, कारकून त्यांच्यामागून जात, आणि हवी ती फाईल नेहमी दुसऱ्या गावी असे. आता पुन्हा 'तुमच्यासाठी काही बदलणार नाही' म्हणून सांगत होते. तेव्हा भोपाळला कुणाला पाठवणार आणि ग्वाल्हेरला कुणाला ठेवणार याखेरीज त्या ऑक्टोबरात कचेरीत दुसरा विषय नव्हता.

त्यातून साहेब इंदूरचे. रघुनाथराव मतकर, माणूस हसतमुख, सकाळी पोहायला जाणारा आणि पोहे खाणारा. पण इंदूरचा, म्हणजे होळकरशाहीतला. पोतनीसांच्या पाच पिढ्या शिंदे सरकारच्या दफ्तरात गेल्या होत्या. शिंदे-होळकरांचं वैर संपून शंभरावर वर्षं झाली असं शाळेत शिकवतात, पण पोतनीसांच्या घराण्याला ते कुणी रीतसर कळवलं नव्हतं. रघुनाथरावांनी "काय पोतनीस, बरं आहे ना?" असं विचारलं तरी लक्ष्मीकांतराव "सध्या तरी" म्हणून मोकळे होत.

त्या संध्याकाळी चिटणीसांची गोठ नावाच्या मोहल्ल्यातल्या आपल्या बिऱ्हाडी येऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि वनमालाबाईंना सगळी मसलत उलगडून सांगितली.

"ही शर्यत नाही. परीक्षा आहे. पहिले येतील ते धडधाकट, म्हणजे नवीन राजधानीत धावपळ करायला लायक. ते भोपाळला. शेवटचे येतील ते दमलेले, कामाला निरुपयोगी. त्यांना वेळेआधी पेन्शन."

"आणि भाग नाही घेतला तर?"

"तर 'नव्या राज्याबद्दल उत्साह नाही' असा शेरा. मग सगळ्यात आधी भोपाळ."

"मग काय करायचं हो?"

"मग मधला नंबर काढायचा. अगदी मधला. मधल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही."

वनमालाबाई भाजी निवडत होत्या. "त्यापेक्षा साहेबांना सरळ विचारून का नाही टाकत? म्हणावं, मला इथेच राहायचंय, घरी असं असं आहे."

"सरळ विचारलं तर त्यांना मालूम होईल ना, की मला मालूम आहे!"

वनमालाबाईंनी भाजीची पुढची जुडी ओढली. सतरा वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी बऱ्याचदा ऐकलं होतं.

'घरी असं असं' म्हणजे पद्मा. सोळा वर्षांची त्यांची एकुलती एक मुलगी पाच वर्षांपासून जनकगंजातल्या एका वृद्ध गुरुजींकडे गाणं शिकत होती. गुरुजींनी तिला दोन वर्षं नुसता स्वर लावायला लावला, पुढची दोन वर्षं यमनात बसवलं, आणि आत्ता दसऱ्याला कुठे भूप सुरू केला. "और दोन-तीन साल माझ्यापाशी बसली तर मुलगी गाईल," असं ते म्हणाले होते, आणि गुरुजी असं सहसा कुणाबद्दल म्हणत नसत. पद्मा संध्याकाळी रियाजाला बसली की लक्ष्मीकांतराव बाहेरच्या ओट्यावर एखादी फाईल उघडून बसायचे. तासाभरात पान उलटलं जात नसे. मुलीच्या गाण्यावर त्यांचा जीव होता, पण हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. भोपाळला असे गुरुजी कुठून आणायचे?

नाव दिल्याबरोबर पहिला फटका बसला. रघुनाथरावांनी खूष होऊन तालाची परवानगी आणण्याचं काम लक्ष्मीकांतरावांकडेच सोपवलं. "तुम्ही इथले जुने. तुमच्या ओळखी." या 'जुने' शब्दावर लक्ष्मीकांतराव दोन दिवस विचार करत होते.

नगरपालिकेत गेले तर तिथले बाबू म्हणाले, ताल दरबारचा होता, आमच्याकडे फक्त घाटाच्या पायऱ्या. दरबारच्या जुन्या कचेरीत म्हणाले, दरबारच राहिला नाही तर ताल कुठला? पाटबंधारेवाले म्हणाले, पाणी आमचं खरं, पण माणूस त्यात उतरला की तो पोलिसांकडे जातो. पोलिसांनी विचारलं, बुडणार कोण कोण आहेत त्यांची नावं आधी देऊन ठेवता का. शेवटी एका खात्याने दया येऊन कागदावर लिहून दिलं, 'हरकत नाही, कारण संबंध नाही.' रघुनाथरावांनी तो कागद वाचून टाळी वाजवली आणि हसत सुटले. लक्ष्मीकांतरावांना ते हसणं आवडलं नाही.

मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट. शिंदे की छावणीतल्या डॉक्टरांनी छाती-पाठ तपासून 'उत्तम प्रकृती' लिहायला घेतलं, तोच लक्ष्मीकांतरावांनी त्यांचा हात धरला.

"उत्तम नको. साधारण लिहा."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे इतकी चांगली नाही की बाहेरगावी पाठवावं, आणि इतकी खराबही नाही की घरी बसवावं."

डॉक्टरांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. "तुमच्या ऑफिसमध्ये चाललंय तरी काय? ह्या हफ्त्यात असं मागणारे तुम्ही चौथे."

हे ऐकून दुसरा कोणी असता तर सावध झाला असता. लक्ष्मीकांतराव फक्त चिडले. आपली युक्ती कुणीतरी चोरली, एवढाच अर्थ त्यांनी काढला, आणि चोर म्हणून शेजारच्या टेबलावरच्या गोपाळकृष्ण तेलंगांना मनात नक्की करून टाकलं. तेलंग गरीब माणूस होते, पण डबा खाताना फार शांत असायचे, आणि शांतपणे खाणाऱ्या माणसावर लक्ष्मीकांतरावांचा विश्वास नव्हता.

राहता राहिला सराव. लहानपणी ते बरं पोहत, पण त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. शेजारचे जयसिंहराव हे शिंदे सरकारच्या फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. फौज हिंदी सैन्यात विलीन झाली तेव्हा ते घरी आले आणि तेव्हापासून हुकूम सोडायला कुणी मिळतं का ते पाहत होते. त्यांना आयता पोतनीस सापडला.

"फिकर करू नका! चंबळ पार करवली आहे मी जवानांना, चंबळ! हा ताल म्हणजे क्या चीज आहे?"

रोज सकाळी छावणीच्या बाजूच्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, जयसिंहराव काठावर खुर्ची टाकून बसत आणि लक्ष्मीकांतरावांना पाण्यात घालत. पहिले काही दिवस पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधला होता. त्याचं झाकण सैल झालं आणि डबा भरला, तेव्हा जयसिंहरावांनी "अब ठीक! आता माणूस जोर लावतो," असं म्हणून सराव तसाच पुढे चालू ठेवला. जोडे पाण्यातून कसे न्यायचे हा मोठा प्रश्न होता. पाळीवर बाभळीचे काटे, त्यामुळे पळताना जोडे हवेतच. जयसिंहरावांनी दोन्ही जोडे पंच्यात गुंडाळून लक्ष्मीकांतरावांच्या डोक्यावर मुंडाशासारखे करकचून बांधले.

"आणि चड्डीचा नाडा लंबा ठेवा. अच्छा आठ हात."

"आठ हात कशाला?"

"माणूस डुबून राहिला असला की पकडायचं काय? केस? केस तर तुमचे आहेत कुठे?"

वनमालाबाईंनी निमूटपणे आठ हात लांबीचा नाडा ओवून दिला. शेजारच्या इंदुताईंनी अंगाला राईचं तेल चोळायचा सल्ला दिला, म्हणजे पाणी आत शिरत नाही. लक्ष्मीकांतराव रोज तेल लावून आणि नाडा कमरेभोवती तीन वेढे गुंडाळून घरून निघत. ओटीवरचे लोक पाहत राहत, आणि ते कुणाकडेही न पाहता चालत.

शर्यतीचा दिवस उजाडला. हवेत नुकता गारवा आला होता. घाटावर मंडप, खुर्च्या, सरबताची घागर आणि कुठल्याशा शाळेचा बँड. वनमालाबाई आणि पद्मा बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, जयसिंहराव कोट घालून पायरीवर उभे. रघुनाथराव शिट्टी घेऊन दहा-बारा स्पर्धकांपुढे आले. तेलाने चकाकणारे, पोट आत ओढलेले, काहींच्या डोक्यावर जोडे, काहींच्या गळ्यात. बऱ्याच जणांची नजर सारखी एकमेकांकडे वळत होती.

शिट्टी वाजली. कुणीही सूर मारला नाही. सगळे पायरी-पायरीने, लग्नाच्या पंगतीत शिरावं तसे, एकमेकांना वाट देत पाण्यात उतरले.

पोहायला लागल्यावर तर प्रकार फारच विचित्र झाला. लक्ष्मीकांतराव हिशेबाने मध्यभागी होते. त्यांनी जरा वेग कमी केला की पुढचेही वेग कमी करीत, आणि मागचे मागेच राहत. तालाच्या ऐन मध्यावर सबंध खातं एका घोळक्यात उभ्याने पाणी तुडवू लागलं.

"तेलंग, जा ना पुढे," लक्ष्मीकांतराव गुरगुरले.

"नाही नाही, आपण जा. आपण सीनियर आहात."

"पोहण्यात कसली सीनियॉरिटी?"

"नेहमी असतेच की," तेलंग नम्रपणे म्हणाले आणि आणखी एक हात मागे सरकले.

काठावर बँडवाल्यांनी एक धून संपवून दुसरी घेतली. रघुनाथराव हातांचा कर्णा करून ओरडत होते, "अरे, बढ़ो! बढ़ो!" जयसिंहराव शिव्या घालत होते, पण त्या बँडमध्ये विरल्या. शेवटी सगळा घोळका एका ओळीत पलीकडच्या काठाला लागला. तिथे प्रत्येकाने फार वेळ लावून जोडे बांधले आणि पाळीवरून सकाळी फिरायला निघाल्यासारखे सारे देवळापर्यंत गेले. एकाने बाहेर उभं राहून देवाला नमस्कारही केला, आणि त्याला मागे टाकायचं पाप नको म्हणून बाकीचेही थांबले. लक्ष्मीकांतराव मनात नंबर मोजू लागले. दहा-बारा माणसं मधल्या नंबरावर टपली असली तर आपण मध्ये राहायचं कुठून? आता त्यांना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होळकरांचा माणूस दिसू लागला.

दुसऱ्यांदा पाण्यात उतरले तेव्हा मनाचा ताण इतका होता की कमरेभोवतीचे नाड्याचे वेढे सुटल्याचं त्यांना कळलं नाही. घाट थोडा दूर राहिला असताना डाव्या मांडीला काहीतरी लांब, थंड, वळवळतं लागलं. त्याने मांडीला एक विळखा घातला. मग पायात शिरलं.

"साप!"

ही किंकाळी स्वतःचीच आहे हे त्यांना नंतर कळलं. त्यानंतर त्यांनी जे हात मारले ते त्यांच्या घराण्यात आजवर कुणी मारले नसतील. पाण्याचा फेस उडत होता, डोक्यावरचा एक जोडा तालाला अर्पण झाला, आणि जितक्या जोराने ते पळत तितक्याच जोराने ते मागचं जनावर पाय धरत होतं. मागे सगळं खातं 'साप साप' म्हणत पाणी धोपटू लागलं. लक्ष्मीकांतराव घाटाच्या पायऱ्यांवर आदळले, चार पायांनी वर चढले, शेवटच्या पायरीची रिबीन छातीने तोडली आणि वळून पाहिलं. त्यांच्या मागे पायरीवर आठ हात लांबीचा पांढरा नाडा पसरला होता. आणि नाडा जर सगळाच बाहेर असेल, तर चड्डीला धरून कोण होतं, हा विचार त्यांना आला तेव्हा बँडने विजयाची धून सुरू केली होती. बायकांच्या बाजूला सगळ्यांनी एकदम तालाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहायला सुरुवात केली. दोन्ही मुठींत चड्डी धरून, डोक्यावर एक जोडा, अशा अवस्थेत त्यांना झेंडूचा हार घालण्यात आला.

"शाबास!" जयसिंहराव गरजले. "मी म्हणत होतो ना, नाडा लंबा पाहिजे!"

सापाला भिऊन तेलंग दुसरे आले.

त्या दिवशी लक्ष्मीकांतराव जेवले नाहीत. पहिला नंबर, म्हणजे भोपाळ ठरलंच. आत पद्मा भूप गात होती, आणि ते ओट्यावर फाईल न घेताच बसले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. तो चहा पाहूनच लक्ष्मीकांतराव सावध झाले, कारण साहेब कारकुनाला चहा पाजतो तेव्हा काहीतरी कडू ते गोड करून त्याच्या गळी उतरवायचं असतं.

"पोतनीस," रघुनाथराव म्हणाले, "एक सांगतो. आपल्या खात्याची एक जागा इथे ग्वाल्हेरलाच राहणार आहे. बाकी सगळे भोपाळ. ती जागा कुणाला द्यायची ते माझ्यावर सोडलंय. मला कुणाच्या चिठ्ठ्या-वशिल्याने द्यायची नव्हती, म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, शर्यतीत जो पहिला येईल त्याला निवडू द्यायचं. तेव्हा बोला. ग्वाल्हेर की भोपाळ? जे म्हणाल ते."

लक्ष्मीकांतरावांनी साहेबांचा चेहरा निरखला. चेहरा अगदी मोकळा होता, आणि तीच तर मेख होती. इतकी वर्षं नोकरीत त्यांना कुणी काय हवं ते विचारलं नव्हतं. मग आजच का? आणि होळकरशाहीतल्या माणसाने का? 'ग्वाल्हेर' म्हटलं की जुन्या संस्थानाला चिकटलेला, नव्या राज्याशी बेइमान, असा शेरा बसणार आणि सगळ्यात आधी बदली होणार. याउलट 'भोपाळ' म्हटलं, की हा एवढा आतुर आहे तर यात याचाच काही डाव असणार असा साहेबांना संशय येईल आणि ते मुद्दाम इथेच ठेवतील. लक्ष्मीकांतराव साहेबांच्या जागी असते तर त्यांनी हेच केलं असतं.

"भोपाळ, साहेब," ते छाती काढून म्हणाले. "नवं राज्य, नवी राजधानी. देशसेवा."

रघुनाथराव चकित झाले. "खरंच?"

या 'खरंच'ने त्यांची खात्रीच पटली. "खरंच."

"पुन्हा एकदा विचार करा. घरी वगैरे?"

"घरी सगळे उत्सुक आहेत!"

रघुनाथराव उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी लक्ष्मीकांतरावांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "सगळे जण मला टाळतात, पोतनीस. इंदूरचा, इंदूरचा म्हणून. आपल्या खुषीने बरोबर येणारं कुणी नाही, तिकडेही एकटाच पडेन असं वाटत होतं. आता बरं वाटतं. दोघं बरोबर जाऊ." आणि लक्ष्मीकांतरावांच्या देखत त्यांनी ग्वाल्हेरच्या जागेपुढे तेलंगांचं नाव पेन्सिलीने लिहून टाकलं; दुसरे आले म्हणून आता विचारायचं त्यांनाच.

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा वनमालाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. आतला तानपुरा थांबला.

"साहेबांनी सरळ विचारलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग सरळ सांगायचं होतं."

"अगं, सरळ विचारलं म्हणूनच तर शंका आली!"

वनमालाबाईंना राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करता येईना म्हणून त्या आत निघून गेल्या. रात्रीपर्यंत ठरलं. पद्माचं गाणं तुटू द्यायचं नाही. त्या दोघी इथेच राहणार. भोपाळला लक्ष्मीकांतराव एकटे जाणार.

दिवाळीच्या तोंडावर गाडी होती. जयसिंहराव सामान चढवायला आले आणि हमालांवर हुकूम सोडू लागले. तेलंग बायकोने केलेल्या चिवड्याचा डबा घेऊन आले होते. लक्ष्मीकांतरावांनी त्यांना बाजूला घेतलं.

"माझ्यानंतर साहेबांनी तुम्हालाही विचारलं असेल. काय सांगितलंत?"

"ग्वाल्हेर म्हटलं. आई आजारी आहे ना घरी."

"तुम्हाला शंका नाही आली?"

"आली की," तेलंग म्हणाले. "पण सोचलं, आधी खरं काय ते बोलून टाकू. शंका घरी जाऊन करता येईल."

लक्ष्मीकांतरावांनी चिवड्याचा डबा हुंगला, मग स्वतःचीच लाज वाटून तो पिशवीत ठेवला. पलीकडच्या डब्याच्या खिडकीतून रघुनाथराव हात हलवून त्यांना आपल्या शेजारची जागा दाखवत होते.

शिट्टी झाली. लक्ष्मीकांतराव डब्यात चढून खिडकीशी बसले. पद्मा खिडकीशी आली. तिने गज धरले.

"बाबा, तुम्हाला जायचंय का?"

लक्ष्मीकांतरावांनी सवयीप्रमाणे त्या प्रश्नाकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं. मागे काही नव्हतं. पोरगी नुसती विचारत होती.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझं गाणं ऐकायला मिळणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरळ विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं होतं. तोवर गाडी हलली होती.